निवृत्तीची पुंजी आणि गहाणखताचा कागद

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ७ ऑगस्ट २०२५ रोजी एका अध्यक्षीय आदेशावर सही केली. नोकरदारांच्या ‘४०१-के’ या निवृत्ती योजनांतील पैसा शेअर आणि रोखे यांच्या पलीकडच्या ‘पर्यायी’ मालमत्तांत गुंतवता यावा, म्हणून मजूर खात्याने आपली आजवरची भूमिका पुन्हा तपासावी, असे या आदेशाने सांगितले. खासगी कंपन्यांचे भांडवल आणि आभासी चलने यांच्याबरोबर स्थावर मालमत्ता व तिच्या तारणावर दिलेल्या कर्जांचे कागद यांचाही या मालमत्तांच्या व्याख्येत समावेश आहे. बड्या निधींना आणि धनिकांना जी गुंतवणूक खुली आहे ती सामान्य नोकरदारालाच का बंद असावी, हा त्यामागील युक्तिवाद. सकृद्दर्शनी तो बिनतोड वाटतो.

परंतु अमेरिकेला हा प्रयोग नवा नाही. मालकाच्या योजनेबाहेर, व्यक्तीने स्वतःच्या नावाने उघडलेल्या निवृत्ती खात्यांत ही मोकळीक जवळजवळ अर्धशतक चालत आली आहे. अशा खात्यातून घराच्या गहाणकर्जाचा कागद विकत घेणारे हजारो निवृत्त शिक्षक, परिचारिका, दुकानदार आणि अभियंते त्या देशात आहेत. त्यांच्यापैकी काहींना चांगले उत्पन्न मिळाले. काहींची जन्माची पुंजी बुडाली. या दोन गटांत फरक कशाने पडला, हे पाहिल्याशिवाय नव्या मोकळिकीचे मोल ठरवता येणार नाही.

एका मोडलेल्या वचनातून

या खात्यांचा उगम एका कारखान्याच्या अंतात आहे. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटार कंपनीचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला. पेन्शन निधीत पुरेसा पैसाच नव्हता. साठी गाठलेल्यांना ठरलेले पेन्शन मिळाले. परंतु चाळीस ते साठ या वयातील सुमारे चार हजार कामगारांच्या पदरात त्यांच्या हक्काच्या जेमतेम १५ टक्के रक्कम पडली आणि तरुणांना काहीच मिळाले नाही. या घटनेने अमेरिकेत जी खळबळ उडाली तिची परिणती १९७४ च्या ‘एरिसा’ या कायद्यात झाली. २ सप्टेंबर १९७४ रोजी, कामगारदिनी, अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. खासगी पेन्शन योजनांना या कायद्याने शिस्त लावली, योजना बुडाल्यास आधार देणारे एक विमा महामंडळ उभे केले आणि ज्यांना मालकाचे पेन्शनच नाही अशांसाठी ‘व्यक्तिगत निवृत्ती खाते’, म्हणजे ‘आयआरए’, निर्माण केले.

सुरुवातीला या खात्यात वर्षाला फार तर १५०० डॉलर भरता येत. १९८१ च्या कर कायद्याने ही सवलत सर्व कमावत्यांना खुली केली व मर्यादा २००० डॉलर केली. १९९७ मध्ये सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने ओळखला जाणारा नवा प्रकार आला, ज्यात भरणा करपात्र पैशातून होतो, पण पुढची वाढ अटी पाळल्यास करमुक्त राहते. २०२५ साली पन्नाशीच्या आतील व्यक्तीसाठी भरण्याची मर्यादा ७००० डॉलर होती. या वार्षिक भरण्यापेक्षाही, नोकरी सोडताना मालकाच्या योजनेतून वळती केलेली थोरली रक्कम या खात्यांना फुगवते. २०२४ च्या अखेरीस देशभरातील अशा खात्यांत सुमारे १७ लाख कोटी डॉलर होते.

यातील बहुतेक पैसा म्युच्युअल फंड, शेअर आणि बँकठेवींत आहे. पण कायद्याने तसे बंधन घातलेले नाही. खात्यातून काय घ्यावे याची यादी कायद्यात नाही. काय घेऊ नये एवढेच त्यात आहे. आयुर्विमा घेऊ नये. चित्रे, पुराणवस्तू यांसारख्या संग्राह्य चिजा घेऊ नयेत. उरलेले सारे मोकळे. बँका व दलाली पेढ्या आपल्या सोयीसाठी शेअर-रोख्यांपुरतेच खाते ठेवतात. परंतु घर, शेत, खासगी कंपनीचा हिस्सा किंवा गहाणकर्जाचा कागद खात्यात ठेवायला तयार असणाऱ्या वेगळ्या अभिरक्षक संस्था आहेत. त्यांच्याकडील खात्याला ‘स्वयंनिर्देशित’ म्हणण्याचा प्रघात पडला. कायद्याच्या दृष्टीने खाते तेच. निर्णयाचा सारा भार मात्र खातेदारावर.

कागदाचे अर्थशास्त्र

अमेरिकेत घरासाठी कर्ज घेणारा दोन दस्तऐवजांवर सही करतो. एक वचनचिठ्ठी: इतके मुद्दल, इतके व्याज, इतके हप्ते. दुसरे गहाणखत: वचन मोडल्यास घरावर हक्क. वचनचिठ्ठीला तेथे नुसते ‘नोट’ म्हणतात आणि ती विकता येते. कर्ज देणाऱ्याला आज रोख हवी असेल तर तो उरलेले हप्ते वसूल करण्याचा हक्क दुसऱ्याला कमी किमतीत देऊन मोकळा होतो.

हिशेब साधा आहे. समजा, एका कर्जाचे ६०,००० डॉलर मुद्दल उरले आहे, व्याज ८ टक्के आणि मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ५७३ डॉलर होतो. हा कागद ५०,००० डॉलरना मिळाला आणि सारे हप्ते वेळेवर आले, तर खरेदीदाराला वर्षाला ११ टक्क्यांहून थोडा अधिक परतावा पडतो. निवृत्ती खात्यातून ही खरेदी केली तर हप्त्यांवर त्या त्या वर्षी करही नाही. सरकारी रोख्यांवर याच्या निम्मेही मिळत नसताना एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाला हा मार्ग आकर्षक वाटावा, यात नवल नाही.

या बाजारामागे खरी गरजही आहे. ऑक्टोबर १९८१ मध्ये अमेरिकेतील तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा घर विकणाराच खरेदीदाराला कर्ज देऊ लागला. अशा कागदांचा त्या काळी मोठा साठा तयार झाला. छोट्या गावातील स्वस्त घरासाठी कर्ज द्यायला बँका आजही नाखूश असतात, कारण लहान कर्जाचा कागदोपत्री खर्च मोठ्या कर्जाएवढाच असतो. २००८ च्या अरिष्टानंतर थकलेल्या कर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे विक्रीस निघाले. सरकारी हमीची थकीत कर्जे २०१२ पासून मोठ्या प्रमाणावर लिलावात आली. अशा गठ्ठ्यांतील सुटे कागद पुढे लहान गुंतवणूकदारांपर्यंत उतरले. कागद निम्म्या किमतीत घेणाऱ्याला हप्ता कमी करून देणे परवडते, त्यामुळे काही कुटुंबांची घरे वाचलीही. तेव्हा हा सारा व्यवहारच त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल.

पण त्या ११ टक्क्यांत जोखमीची किंमत मिसळलेली आहे. हप्ते थांबले तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा फ्लोरिडा या राज्यांत न्यायालयात जावे लागते आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळू शकते. टेक्सास वा जॉर्जियात न्यायालयाबाहेर लिलाव होतो. दरम्यान घरपट्टी थकली तर स्थानिक सरकारचा हक्क गहाणदाराच्या आधी येतो. घर ओस पडले तर हिवाळ्यात गोठून नळ फुटतात आणि तारणाची किंमत घसरते. बँक अशी हजारो कर्जे बाळगते, म्हणून दहा बुडाली तरी तिचे चालते. निवृत्त माणसाच्या खात्यात दोनच कागद असतात.

निवृत्ती खात्याचे नियम येथे आणखी एक पेच घालतात. वकिलाची फी, घरपट्टी, छपराची दुरुस्ती हा सारा खर्च खात्यातूनच झाला पाहिजे. खातेदाराने स्वतःच्या खिशातून परस्पर दिलेला पैसा निषिद्ध व्यवहार ठरू शकतो. लिलावात घर खात्याच्या मालकीचे झाले तर त्यात तो राहू शकत नाही, मुलाला ठेवू शकत नाही, हातात रंगाचा ब्रश घेऊन भिंतही रंगवू शकत नाही. पती वा पत्नी, आईवडील, मुले, नातवंडे आणि सुना-जावई या सर्वांशी खात्याचा व्यवहार वर्ज्य आहे. नियम मोडला तर ज्या वर्षी तो मोडला त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून खात्याचे अस्तित्वच संपते आणि साऱ्या रकमेवर कर लागतो. खात्यांच्या मालकीच्या कंपनीने काढलेल्या कर्जाला खातेदारांनी वैयक्तिक हमी दिली, एवढ्या कारणावरून अशी खाती संपुष्टात आल्याचे अमेरिकी कर न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. शिवाय सध्याच्या कायद्याप्रमाणे जुन्या प्रकारच्या खात्यातून वयाच्या ७३ व्या वर्षापासून दरसाल ठरावीक रक्कम काढावीच लागते. शेअर विकता येतो. थकलेल्या कर्जाच्या कागदाला त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

वुडब्रिजचा धडा

हे सारे धोके प्रामाणिक व्यवहारातले. अप्रामाणिक व्यवहारात काय घडते, हे कॅलिफोर्नियातील वुडब्रिज समूहाच्या प्रकरणाने दाखवले. स्थावर मालमत्तेच्या मालकांना आपण ११ ते १५ टक्के व्याजाने कर्जे देतो आणि गुंतवणूकदारांचा पैसा त्या तारणावर सुरक्षित असतो, असे सांगून या समूहाने लोकांना स्वतःच्या नोटा विकल्या. व्याज ५ ते १० टक्के. ‘पहिल्या हक्काचे व्यापारी गहाणकर्ज’ हे त्यातील एका योजनेचे भारदस्त नाव. डिसेंबर २०१७ मध्ये समूहाने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने दावा दाखल केला. आयोगाच्या म्हणण्यानुसार ही १.२ अब्ज डॉलरची लबाडी होती आणि तिच्यात ८४०० हून अधिक लोक अडकले होते. कर्जदार म्हणून दाखवलेल्या बहुतेक कंपन्या समूहाचे प्रमुख रॉबर्ट शपिरो यांच्याच होत्या. त्यांना उत्पन्न नव्हते आणि त्यांनी व्याज भरलेच नव्हते. जुन्या गुंतवणूकदारांना मिळणारे व्याज नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जात होते. शपिरो यांनी गुन्हा कबूल केला व २०१९ मध्ये त्यांना २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातील एक आकडा विशेष बोलका आहे. फसलेल्यांपैकी किमान २६०० जणांनी आपल्या व्यक्तिगत निवृत्ती खात्यांतून सुमारे ४० कोटी डॉलर गुंतवले होते. म्हणजे या प्रत्येक व्यवहारात खातेदार आणि विक्रेता यांच्यामध्ये एक अधिकृत अभिरक्षक होता. कायद्याने तो असावाच लागतो. तो बँक असतो किंवा कर खात्याने मान्यता दिलेली संस्था. खातेदाराला वर्षाकाठी छापील विवरणपत्र येत होते आणि त्यात नोटेपुढे तिची पूर्ण रक्कम लिहिलेली असे. अशा विवरणपत्रावर सामान्य माणूस विश्वास ठेवतो. कोणीतरी तपासले असेलच, असे तो गृहीत धरतो.

प्रत्यक्षात कोणी तपासलेले नसते. स्वयंनिर्देशित खात्याचा अभिरक्षक गुंतवणुकीचा दर्जा, तिचा खरेपणा किंवा विक्रेत्याची पत यांची जबाबदारी सर्वसाधारणपणे घेत नाही. करारात तसे स्पष्ट लिहिलेले असते. खात्याचे मूल्य म्हणून बहुधा विक्रेत्याने कळवलेला किंवा मूळ खरेदीचाच आकडा पुढे चालू राहतो. रोखे आयोगाने आणि राज्यांच्या रोखे नियंत्रकांच्या संघटनेने २०११ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. वुडब्रिजचा डोलारा त्यानंतर सहा वर्षांनी कोसळला. इशाऱ्याचे पत्रक वाचून सावध होणारा माणूस मुळातच सावध असतो. ज्याला गरज असते त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

येथे मूळ विसंगती लक्षात येते. स्टुडबेकरच्या कामगाराची कैफियत अशी होती की, ज्या निधीवर त्याचे म्हातारपण अवलंबून होते तो पुरेसा आहे की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते. ‘एरिसा’ने कंपनीच्या पेन्शन योजनेवर विश्वस्ताचे कर्तव्य लादले. ‘४०१-के’ योजनेतही मालकावर ते आहे. म्हणूनच आजवर मालक पर्यायी मालमत्तांपासून दूर राहिले. पण त्याच कायद्याने जन्माला घातलेल्या व्यक्तिगत खात्यात विश्वस्ताची जागा रिकामी राहिली. खातेदार स्वतःच विश्वस्त झाला. त्याला बँकेसारखा पतविभाग, वकील किंवा मूल्यांकनकार देण्याची तरतूद झाली नाही.

हप्ता भरणारा

या व्यवहाराला दुसरे टोकही आहे. कागद ज्याच्या खात्यात असतो त्याचे म्हातारपण आणि हप्ता जो भरतो त्याचे घर, ही दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. शिकागोच्या लॉनडेल भागात १९५० आणि १९६० च्या दशकांत कृष्णवर्णीय कुटुंबांना बँकांची कर्जे मिळत नसत, कारण सरकारी विमायोजनेने त्यांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवल्या होत्या. ती कुटुंबे अवाच्या सवा किमतीला हप्तेकरारावर घरे घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडे राही आणि एक हप्ता चुकला तरी घर व भरलेला पैसा दोन्ही जात. १९६८ मध्ये या खरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते रोखले. इतिहासकार बेरिल सॅटर यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, हे करार पुढे सूट देऊन गुंतवणूकदारांना विकले जात आणि ते घेणाऱ्यांत प्रतिष्ठित व्यावसायिकही असत. कागद हाती आला की त्यामागचे माणूस दिसेनासे होते.

अलीकडचे उदाहरण दुय्यम गहाणकर्जांचे. २००८ नंतर घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा ही कर्जे निरुपयोगी समजून कवडीमोलाने विकली गेली. कर्जदारांना वर्षानुवर्षे पत्र आले नाही. अनेकांना कर्ज संपले असेच वाटले. घरांच्या किमती पुन्हा चढल्यावर कागदधारक जागे झाले आणि जप्तीच्या नोटिसा निघाल्या. मुदतबाह्य कर्जासाठी अशी जप्तीची धमकी देणे कायद्याचा भंग ठरू शकते, असे मत अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. हा कागद घेणारा दरवेळी निर्दय सावकार असतो असे नाही. कित्येकदा तो चार राज्ये पलीकडे राहणारा एक पेन्शनर असतो आणि आपल्या नावे कोणाची झोप उडाली आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

अस्तित्वाची खातरजमा

उपाय म्हणून ही खातीच बंद करावीत, असे सुचवले जाते. ते टोकाचे आहे. गुंतवणूक फायद्याची ठरेल काय, हे अभिरक्षकाने सांगावे अशी अपेक्षा कोणी करू नये; ते त्याचे काम नाही. पण ती गुंतवणूक अस्तित्वात आहे काय, एवढे पाहणे त्याचे काम का असू नये? गहाणखत त्या काउंटीच्या नोंदणी कार्यालयात खातेदाराच्या खात्याच्या नावाने नोंदले आहे काय. घराचे मूल्यांकन विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाने केले आहे काय. आणि हप्ते विक्रेत्यामार्फत न येता परवानाधारक वसुली संस्थेमार्फत, खऱ्या कर्जदाराकडून येतात काय? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री मिळतात आणि त्यासाठी भविष्य जाणण्याची गरज नसते. वुडब्रिजच्या बाबतीत तिसरा प्रश्न कोणी नेटाने विचारला असता तर कर्जदार व्याज भरतच नाहीत, हे पहिल्या वर्षीच बाहेर आले असते.

अशा तपासणीचा खर्च खातेदारावर पडेल आणि परतावा अर्धा-पाऊण टक्क्याने घटेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो खर्च आज वाचत नाही. काही थोड्यांच्या माथी तो सर्वस्वाच्या रूपाने एकदम पडतो, एवढेच.

हा प्रश्न मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. अमेरिकेत गेलेल्या मराठी अभियंत्यांची व डॉक्टरांची एक पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. नोकरी सोडताना जमा रक्कम व्यक्तिगत खात्यात वळवण्याचा क्षण त्यांच्या आयुष्यात येतो आणि नेमक्या त्याच वेळी खात्रीच्या उत्पन्नाचे प्रस्ताव ओळखीच्या माणसांकडून येतात. ओळखीवर टाकलेला विश्वास हे गुंतवणुकीच्या फसवणुकीचे जुने हत्यार आहे. यांतील काहीजण मायदेशी परततात. परदेशातील निवृत्ती खात्यांवर दोन देशांत वेगवेगळ्या वर्षी कर पडण्याची त्यांची अडचण भारताच्या २०२१ च्या वित्त कायद्याने अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यापुरती हलकी केली. पण नाशिकला स्थायिक झालेल्या माणसाच्या खात्यात ओहायोतील एखाद्या घराचे थकलेले गहाणकर्ज असेल, तर त्या अडचणीवर कोणत्याही वित्त कायद्यात उतारा नाही.

भारतात राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या सभासदाला निधी व्यवस्थापक निवडता येतो, शेअर व रोखे यांचे प्रमाण ठरवता येते. शेजाऱ्याच्या घराचे गहाणखत विकत घेता येत नाही. या बंधनाला संकुचित म्हणून नावे ठेवणारे पुढेमागे येथेही निघतील आणि निवडीचा हक्क हा शब्द त्यांच्याही तोंडी असेल. तेव्हा त्यांना विचारण्याचा प्रश्न अमेरिकेच्या अनुभवाने तयार ठेवला आहे: निवड खातेदाराने करायची हे मान्य, पण ज्याची निवड करायची ती वस्तू खरोखर आहे की नाही, हे त्याच्या वतीने कोण पाहणार? अमेरिकेचे मजूर खाते आपले नवे नियम लिहील, तेव्हा त्यालाही या प्रश्नाला बगल देता येणार नाही.